दुभाष्याचे मूळ शब्द

ज्या गावात दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात, त्या गावात दुभाष्यांना तोटा नसतो. आपले बडोदे हे असेच गाव आहे. घरात मराठी, बाजारात गुजराती, बँकेत गुजराती-इंग्रजीची सरमिसळ आणि स्टेशनवर हिंदी, अशा चार प्रवाहांत इथल्या मराठी मुलाचे बालपण जाते. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना रिक्षावाल्याचे म्हणणे समजावून द्यावे, दुकानदाराला आजीची मागणी कळवावी, असे करता करता आपण दुभाषी केव्हा झालो हे आपले आपल्यालाही उमगत नाही. याच नगरीत, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील शब्दांना निरनिराळ्या भाषांत कोणते प्रतिशब्द योजावेत, हे एकत्र सांगण्यासाठी तो रचलेला होता. एका भाषेतला हुकूम दुसऱ्या भाषेत जाताना त्यातला अर्थ वाटेत सांडू नये, याची काळजी एखाद्या संस्थानाला वाटावी, ही गोष्ट मला मोठी शहाणपणाची वाटते.

मी या शाळेची जुनी विद्यार्थिनी. माझा व्यवसाय संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा. हे काम गणिताचे, तेथे भाषेचे काय प्रयोजन, असे पुष्कळांना वाटते. परंतु माझा अनुभव असा की, या व्यवसायातही आम्हांला दररोज दोन भाषांच्या सीमेवरच उभे राहावे लागते आणि तेथेही एक दुभाषी असतो. त्या दुभाष्याविषयी, आणि विशेषतः त्याचे मूळ शब्द टिपून ठेवण्याच्या कलेविषयी, मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम त्या दोन भाषा कोणत्या ते पाहू. आपल्या शाळेच्या कार्यालयातील जनरल रजिस्टर तुम्ही पाहिले असेल. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रमांक दिलेला असतो. फीच्या वहीत, निकालाच्या वहीत पुन्हा सगळी हकीकत लिहीत बसण्याचे कारण नसते. तो क्रमांक लिहिला की पुरे. संगणकातील माहितीचे कोठार, ज्याला डेटाबेस म्हणतात, ते बहुतेक ठिकाणी याच पद्धतीने रचलेले असते. या पद्धतीला शास्त्राचा पाया दिला तो एडगर कॉड यांनी. हे इंग्लंडात जन्मलेले गृहस्थ अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असत. १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपाने मांडावी, तक्त्यांचे नाते त्यांतील मूल्यांवरूनच जुळवावे आणि माहिती यंत्रात कोठे व कशी ठेवली आहे याची उठाठेव ती मागणाऱ्याला करावी लागू नये, असा त्यांचा विचार होता. पुढे १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा तयार केली. तिचे पहिले नाव 'सीक्वेल'. ते नाव दुसऱ्या कंपनीचे असल्याने मागाहून तिला 'एसक्यूएल' म्हणू लागले. १९८६ साली अमेरिकेत ती प्रमाणित झाली आणि आजही जगातील असंख्य कचेऱ्यांचा कारभार तिच्यावर चालतो.

ही भाषा मोठी सरळ आहे. 'सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर तुकडी = आठवी अ' असे म्हटले की, विद्यार्थ्यांच्या तक्त्यातून आठवी 'अ'मधील मुलांची नावे निवडून द्या, असा अर्थ झाला. काय हवे ते सांगावयाचे; कसे शोधावे ते डेटाबेसने पाहावयाचे.

दुसरी भाषा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. तिच्यात तक्ते नसतात, वस्तू असतात. विद्यार्थी ही एक वस्तू, पालक ही दुसरी वस्तू, आणि त्यांना जोडणारे टिंब. 'विद्यार्थी' लिहून टिंब द्यावे, मग 'पालक', पुन्हा टिंब, मग 'पत्ता', की झाला त्या विद्यार्थ्याच्या पालकाचा पत्ता. बोलण्याच्या ओघाशी ही भाषा जवळची आहे. पण डेटाबेसला टिंब समजत नाही आणि या भाषेला तक्ते उमगत नाहीत. म्हणून मध्ये दुभाषी हवा. जावा भाषेसाठी २००१ साली निघालेले 'हायबरनेट', पायथन भाषेसाठी २००५ साली खुले झालेल्या 'जँगो'मधील अशीच सोय आणि २००६ साली आलेले 'एसक्यूएल-अल्केमी' हे असे नामांकित दुभाषी होत. प्रोग्रॅमर आपल्या भाषेत वस्तूंविषयी बोलतो. दुभाषी त्याचे एसक्यूएलमध्ये रूपांतर करतो, डेटाबेसकडे धाडतो आणि आलेल्या ओळींतून पुन्हा वस्तू घडवून हाती देतो.

या दुभाष्याचे उपकार थोडे नाहीत. शेकडो वाक्ये हाताने लिहिण्याचे कष्ट तो वाचवितो. एका डेटाबेसची बोली दुसऱ्याहून थोडी निराळी असते. ते फरक तो स्वतः सांभाळतो. कोणी दुष्ट हेतूने नावाच्या जागी हुकूम लिहून पाठविला, तर त्याला हुकूम न मानता केवळ मजकूर मानण्याची दक्षताही तो सामान्यतः घेतो. त्याला नावे ठेवावीत असा माझा मुळीच हेतू नाही. मात्र त्याचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. तो फार अबोल आहे. आपण काय सांगितले हे आपल्याला ठाऊक असते आणि उत्तर काय आले हेही दिसते. पण मधल्या वेळात तो डेटाबेसपाशी नेमके काय बोलला, हे विचारल्यावाचून तो सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुख्याध्यापकांना आठवी 'अ'मधील ४० विद्यार्थ्यांच्या पालकांची नावे हवी आहेत. त्यांनी शिपायाला सांगितले, "विद्यार्थ्यांची यादी आण." शिपाई कार्यालयात गेला, यादी घेऊन आला. मग मुख्याध्यापक म्हणाले, "पहिल्याच्या पालकांचे नाव?" शिपाई पुन्हा गेला, एक नाव घेऊन आला. "दुसऱ्याच्या?" पुन्हा फेरी. अशा रीतीने यादीची १ आणि पालकांच्या ४०, मिळून ४१ फेऱ्या झाल्या. यादी आणतानाच पालकांची नावेही आण, एवढे सांगितले असते तर एका फेरीत काम झाले असते. शिपाई आळशी नाही, उलट फार आज्ञाधारक आहे. आमचा दुभाषीही पुष्कळदा असाच वागतो. वस्तूपुढे टिंब दिले की, त्या क्षणी तो निमूटपणे डेटाबेसकडे एक फेरी मारून येतो. आमच्या व्यवसायात या दोषाला 'एन अधिक एक' असे नाव पडले आहे. प्रोग्रॅमच्या मजकुरात तो डोळ्यांना दिसत नाही, कारण तेथे फक्त एक टिंब असते. तो दिसतो दुभाष्याच्या मूळ शब्दांत.

मूळ शब्दांची ही महती मी संगणकापूर्वी आमच्या घरात शिकले. माझी आजी उतारवयात साताऱ्याकडून आमच्याकडे राहावयास आली. तिला गुजराती येत नसे. एकदा तिच्या पेन्शनच्या कागदांसाठी ती आणि तिकडूनच आलेले माझे काका एका कचेरीत गेले आणि उतरल्या चेहऱ्याने परतले. काका म्हणाले, "मुदत संपली. काल यायला हवे होते, असे सांगतात." घरात सुतकी शांतता पसरली. माझी आई बडोद्यातच वाढलेली. तिने विचारले, "सासूबाई, तो माणूस नेमके काय म्हणाला?" आजीने त्याचे शब्द जसेच्या तसे मनात धरून ठेवले होते. ती म्हणाली, "तो म्हणाला, 'काले आवजो'." आई हसूच लागली. "अहो, म्हणजे उद्या या!" गुजरातीत 'काले' हा एकच शब्द मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्या दिवसालाही, कोणता अर्थ घ्यावयाचा ते क्रियापदावरून ठरते. आमच्या मराठी कानाला त्यात फक्त 'काल' ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी आजीचे काम झाले. काकांनी अर्थ आणला होता, आजीने शब्द आणले होते. अर्थ चुकलेला असला तर तो सुधारावयास मूळ शब्द हाताशी लागतात. तेच हरवले तर सुधारणार कशावरून?

हे सारे मला पुन्हा आठविले ते काही वर्षांपूर्वी. गरजू मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेच्या कामात मला लक्ष घालावे लागले. तेथे अर्ज तपासण्याचे काम एक प्रौढ बाई करीत. सगळे त्यांना 'बेन' म्हणत. अर्जांची यादी संगणकावर उघडावी, एकेक अर्ज पाहावा, कागद बरोबर असल्यास मंजुरीची खूण करावी आणि पुन्हा यादीवर यावे, असे ते काम होते. त्या वर्षी अर्ज पुष्कळ आले आणि काम तुंबले. रक्कम वाटण्याची तारीख जवळ येत चालली होती. ज्यांच्या घरी फीचे पैसे भरण्याची ऐपत नव्हती, असे पालक रोज दारात येऊन विचारीत. वरिष्ठांनी चौकशी केली, तो बेनच्या हातून दिवसाकाठी फार थोडे अर्ज निघतात असे आढळले. त्यांचे वय झाले, त्यांना संगणक झेपत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि त्यांना कारणे दाखवा अशी नोटीसही देण्यात आली. बेनचे म्हणणे एवढेच होते, "यादी उघडायलाच वेळ लागतो, साहेब." पण त्याला पुरावा नव्हता. दुसरीकडे, यंत्र जुने झाले, मोठे यंत्र विकत घ्यावे, अशीही सूचना पुढे आली होती. शिष्यवृत्तीच्याच पैशांतून तो खर्च निघणार होता.

मी प्रथम कोणाचाही पक्ष घेतला नाही. दुभाषी काय बोलतो ते ऐकावे असे ठरविले. दुपारच्या सुट्टीत प्रोग्रॅमला वाक्ये टिपण्याची सोय जोडली आणि बेनना नेहमीप्रमाणे यादी उघडण्यास सांगितले. पडद्यावर नावे दिसेपर्यंत टिपणाची वही भरून गेली होती. पहिले वाक्य अर्जांच्या यादीचे होते. त्याच्यामागून एकाच साच्याची दोन वाक्ये पुन्हा पुन्हा येत होती. एक शाळेचे नाव विचारणारे, एक पालकाचे नाव विचारणारे. शेवटचा क्रमांक तेवढा बदलत होता. अर्ज ४१२ होते. यादीचे १, शाळांची ४१२, पालकांची ४१२, मिळून ८२५ वाक्ये. डेटाबेस दुसऱ्या शहरातील यंत्रावर होता आणि एका फेरीला सुमारे सेकंदाचा पन्नासावा भाग लागत होता. ८२५ला ५०ने भागा. साडेसोळा सेकंद होतात. आणि प्रत्येक अर्जानंतर बेनना यादीवर परत यावे लागे, म्हणजे प्रत्येक वेळी पुन्हा साडेसोळा सेकंद.

ते टिपण मी कागदावर छापून साहेबांपुढे ठेवले. त्यांना एसक्यूएल येत नव्हते. पण एकच ओळ शेकडो वेळा आलेली ओळखण्यास भाषा यावी लागत नाही. त्यांनी पाने उलटली, थोडा वेळ स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बाई खरे सांगत होत्या." प्रोग्रॅममध्ये बदल केला तो एवढाच की, यादी मागतानाच शाळा आणि पालक यांची माहितीही बरोबर आणावी असे दुभाष्याला आधी सांगून ठेवले. ८२५ वाक्यांची ३ झाली. नोटीस मागे घेण्यात आली, नवे यंत्र घेण्याचा विचार सोडून देण्यात आला आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती वेळेवर वाटली गेली. ज्यांनी मुळात तो प्रोग्रॅम लिहिला त्यांना तरी दोष कसा द्यावा? त्यांनी तो ५ नावांवर तपासला असणार. ५ नावांना ११ वाक्ये लागतात. सेकंदाच्या पाव भागाच्या आत पान उघडते. एवढ्या अवधीत कोणाला संशय येणार?

आता हे शब्द टिपावे कसे, ते सांगते. तुमच्यापैकी काही जण पुढे या व्यवसायात येतील, त्यांच्या उपयोगी पडेल. टिपण्याच्या जागा तीन. पहिली दुभाष्याच्या तोंडाशी. 'एसक्यूएल-अल्केमी'ला 'एको' नावाची एक खूण केली की, तो जे बोलतो ते पडद्यावर उमटवितो. 'जँगो' तपासणीच्या अवस्थेत असताना पाठविलेल्या वाक्यांची, प्रत्येकाला लागलेल्या वेळेसह, यादी ठेवतो. 'हायबरनेट'लाही अशी सूचना देता येते. दुसरी जागा वाटेवर. वाक्य निघण्याच्या क्षणी आपला एक पहारेकरी उभा करता येतो. तो वाक्य पाहतो, नोंदवितो आणि पुढे जाऊ देतो. तिसरी जागा डेटाबेसच्या कानाशी. 'पोस्टग्रेस' किंवा 'मायएसक्यूएल' यांना आलेले प्रत्येक वाक्य, अथवा ठरविलेल्या वेळेहून अधिक रेंगाळलेले वाक्य, नोंदवून ठेवण्यास सांगता येते. येथे ऐकू येते ते सर्वांचे बोलणे, दुभाषी कोणीही असो. मात्र प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीने ते बोलविले, हे तेथून सहसा कळत नाही. म्हणून जाणते लोक प्रसंग पाहून जागा निवडतात.

टिपताना काही पथ्ये पाळावी लागतात. पुष्कळदा टिपलेल्या वाक्यात मूल्यांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे दिसतात. याचे कारण असे की, वाक्य आणि मूल्ये ही डेटाबेसकडे वेगवेगळी धाडली जातात; मघाशी सांगितलेली दुष्टांपासूनची दक्षता ती हीच. तेव्हा वाक्याबरोबर मूल्येही नोंदविली नाहीत, तर टिपण अर्धेच राहते. वाक्य धाडण्यापूर्वी छापून दाखविण्याचीही सोय काही दुभाष्यांजवळ असते. पण ते छापलेले वाक्य आणि प्रत्यक्ष गेलेले वाक्य अक्षरशः एकच असेल असे नाही. म्हणून शक्य तर प्रत्यक्ष गेलेलेच टिपावे. शिवाय वाक्य कळले म्हणजे ते डेटाबेसने कोणत्या मार्गाने पार पाडले हे कळले असे होत नाही. त्यासाठी 'एक्स्प्लेन' म्हणून डेटाबेसलाच वेगळे विचारावे लागते.

सर्वांत मोठे पथ्य माणुसकीचे आहे. मूल्ये टिपली की त्यांत लोकांची नावे, पत्ते, आजार, उत्पन्न असे सर्व काही येते. बेनच्या वहीतही ४१२ मुलांच्या घरची हकीकत होती. साहेबांना दाखविलेल्या प्रतीत मी क्रमांकांखेरीज काही ठेवले नाही आणि काम संपताच मूळ टिपण पुसून टाकले. 'एन्टिटी फ्रेमवर्क कोअर' नावाचा दुभाषी तर मुद्दाम सांगितल्याखेरीज अशी मूल्ये नोंदीत दाखवीतच नाही. मला ती मर्यादा योग्य वाटते. त्याचप्रमाणे टिपण्याची सोय कायमची चालू ठेवू नये. तिने यंत्रावर भार पडतो आणि कोणी न वाचणाऱ्या नोंदींचा ढीग साचतो. ऐकावयाचे तेव्हा मन लावून ऐकावे आणि मग ते दार लोटून घ्यावे.

त्या संस्थेत आम्ही शेवटी आणखी एक गोष्ट केली. 'या यादीला ३च वाक्ये लागली पाहिजेत' अशी एक चाचणी प्रोग्रॅमला जोडून ठेवली. उद्या कोणी नवखा मनुष्य अजाणता एखादे टिंब वाढवील आणि फेऱ्या पुन्हा वाढू लागतील, तर ती चाचणी लगेच नापास होईल आणि दोष कोणा कर्मचाऱ्याच्या माथी जाण्यापूर्वीच उघडकीस येईल. बेन पुढे दोन वर्षांनी सन्मानाने निवृत्त झाल्या. ती चाचणी मात्र अजून तेथे राबते आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या आणि जगाच्या मध्ये आजच्याहूनही अधिक दुभाषी असतील. काही माणसे, पुष्कळशी यंत्रे. त्यांच्यावर विश्वास अवश्य ठेवा, नाही तर पाऊलही पुढे पडणार नाही. पण जेथे कोणाच्या अब्रूचा, पोटाचा किंवा शिक्षणाचा प्रश्न असेल, तेथे निकाल देण्यापूर्वी थोडे थांबा आणि आदराने विचारा, "आपण नेमके काय शब्द वापरलेत?" दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना हा प्रश्न विचारणे इतरांहून सोपे जावे, अशी माझी खात्री आहे.